कमी बोलणारी झाडं

जूनच्या सुरुवातीला मध्य स्वीडनमधल्या तळ्यांच्या काठाला पिवळा थर जमतो. गाड्यांच्या काचा, खिडक्यांचे कठडे, बाहेर वाळत घातलेल्या चादरी, सगळ्यांवर तीच पूड. पाइनच्या झाडांनी पराग सोडलेले असतात. माणसं ती पूड पुसतात, थोडी कुरकुरतात आणि उन्हाळ्याच्या तयारीला लागतात. तळ्यावर पडलेली पूड हळूहळू बुडते, गाळात मिसळते आणि तिच्यावर पुढच्या वर्षीचा गाळ येऊन बसतो. तळाच्या थंड, प्राणवायू नसलेल्या चिखलात ती दहा हजार वर्षंही टिकते.

माझं काम हा गाळ वाचण्याचं. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकले, पुढे इकडे आले आणि सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजायला लागले. लोक विचारतात, यातून कळतं काय? हिमयुग संपल्यावर उत्तरेत कोणतं झाड कधी आलं, कुठल्या दिशेनं आलं, कोण टिकलं आणि कोण गेलं, हे कळतं. पण या कामात मला खरी ओढ आहे ती वेगळ्याच प्रश्नाची. काही झाडांची साक्ष आपल्यापर्यंत फार थोडी पोचते. काहींची तर मुळीच पोचत नाही. तरीही ती तिथे उभी होती हे ओळखायचं कसं?

गाळ काढायला सगळ्यांत सोयीचा महिना मार्च. तळ्यावर जाड बर्फ असतो, त्यावर उभं राहता येतं, होडीसारखं डुलत नाही. बर्फाला भोक पाडायचं, दांड्याला दांडा जोडत खाली जायचं आणि अर्ध्या पोकळ नळीत गाळाचा अर्धा मीटर लांबीचा तुकडा पकडून वर आणायचा. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. वरचा गाळ गडद तपकिरी, मऊ, पानं-शेवाळ कुजून झालेला. खोल गेलं की एका ठिकाणी रंग बदलतो आणि निळसर राखाडी चिकणमाती लागते. ती वितळणाऱ्या हिमनदीनं आणून टाकलेली. हा बदल हाताच्या दोन बोटांत मावतो. त्याच्या खाली उघडीबोडकी, बर्फाखालून नुकती सुटलेली जमीन, आणि वर तिच्यावर वाढत गेलेली झाडी. हा सांधा मी प्रत्येक वेळी हातमोजा काढून बोटानं चाचपते. थंडीनं बोट बधिर होतं, तरी.

प्रयोगशाळेत त्या गाळाचे साखरेच्या खड्याएवढे नमुने घ्यायचे आणि पराग सोडून बाकीचं सगळं नाहीसं करायचं. अल्कलीत उकळून कुजकट भाग काढायचा. हायड्रोफ्लुओरिक आम्लानं वाळू-मातीचे कण विरघळवायचे. हे आम्ल काचही खातं आणि कातडीतून हाडापर्यंत जातं, त्यामुळे ते काम करताना खोलीत कुणी बोलत नाही. मग गंधकाम्लाच्या मिश्रणात सेल्युलोज जाळायचं. ही शेवटची पद्धत गुन्नार एर्टमन या स्वीडिश शास्त्रज्ञाची. एवढं सगळं सोसून जे उरतं ते परागकणाचं बाहेरचं कवच. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, आणि सजीवांनी घडवलेल्या पदार्थांत इतका चिवट पदार्थ क्वचितच दुसरा असेल.

चारशे पटींनी मोठं केलं की ओळखी पटायला लागतात. बर्चला, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाच्या सख्ख्या भावाला, तीन छिद्रं. आल्डरला चार किंवा पाच, आणि छिद्रांना जोडणाऱ्या कमानी. एल्मच्या कणाची कड लाटांची. ओकला तीन उभ्या खाचा. गवताला एकच छिद्र, भोवती जाडसर कडं. पाइनच्या कणाला दोन बाजूंना दोन हवेच्या पिशव्या, त्यावर तो शेकडो किलोमीटर तरंगत जातो. एका नमुन्यात साधारण पाचशे कण मोजायचे, मग पुढचा नमुना. त्याचा कंटाळा येत नाही का, असं घरचे विचारतात. येत नाही. प्रत्येक नमुना म्हणजे कुठल्या तरी काळातल्या मोजक्या वर्षांची हवा असते.

अगदी तळाच्या, चिकणमातीतल्या नमुन्यांत झाडं जवळजवळ नसतात. गवत, लव्हाळ्यांच्या जातीचं काही, खुरट्या विलोचे कण, आणि दवण्याच्या कुळातल्या वनस्पतींचे पुष्कळ कण. चैत्रात देवाला वाहतो तो आपला दवणा, त्याचे हे उत्तरेतले भाऊबंद. कोरडी, थंड, उघडी जमीन त्यांना मानवते. बर्फ मागे सरकल्यावर बर्च आला, उबदार काळ सुरू झाल्यासारखं वाटलं, आणि साधारण १२,९०० वर्षांपूर्वी थंडी परतली. बर्च ओसरला, दवण्याचे भाऊबंद पुन्हा वाढले. हजारेक वर्षांहून अधिक चाललेल्या या थंडीच्या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. ड्रायस हे आठ पांढऱ्या पाकळ्यांचं, जमिनीला चिकटून वाढणारं टुंड्रातलं फूल. डेन्मार्कमध्ये आलरॉड इथल्या विटांच्या मातीच्या खाणीत १९०१ मध्ये दोन भूवैज्ञानिकांनी चिकणमातीच्या दोन थरांमध्ये एक सेंद्रिय थर नोंदवला होता, आणि वरखालच्या दोन्ही थरांत या फुलाची पानं होती. ११,७०० वर्षांपूर्वी ती थंडी सरली आणि आपण आज ज्या काळात राहतो तो काळ सुरू झाला.

परागांची मोजणी करून काळाचा आलेख काढण्याचं श्रेय लेनार्ट फॉन पोस्ट यांना जातं. स्वीडनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते पीटच्या दलदलींची पाहणी करत. पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, हे इंधन, त्यामुळे कुठे किती आहे हे देशाला हवं होतं. त्यांच्याआधी गुस्ताफ लागेरहाइम यांनी परागांचे शेकडा प्रमाण काढून पाहिलं होतं, हे इथे सांगायलाच हवं. पण थरामागून थर मोजायचे, प्रत्येक झाडाची रेषा काढायची आणि एका दलदलीचा आलेख दुसऱ्या दलदलीच्या आलेखाशेजारी ठेवायचा, हे फॉन पोस्ट यांनी केलं. १९१६ च्या उन्हाळ्यात क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्कँडिनेव्हियन शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हे आलेख मांडले. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. काम उभ्या दिशेत करा, विचार आडव्या दिशेत करा, असं ते सांगत. तेव्हा जुन्या वस्तूंचं वय काढण्याची कार्बन-१४ पद्धत नव्हती, ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस आली. तोवर एल्म कुठे घसरतो, स्प्रूस कुठे सुरू होतो, हीच काळाची खूण होती.

दक्षिण स्वीडनची ढोबळ गोष्ट अशी: आधी बर्च, मग पाइन, मग झपाट्यानं हेझल, त्यामागून एल्म, ओक, आल्डर, लिंडेन. मग उबदार रुंदपानी जंगलाची काही हजार वर्षं. मग शेती, आणि अगदी उशिरा बीच. पाठ्यपुस्तकात हे एका पानात येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, कळलं.

पण शेकडा प्रमाण हे फसवं माप आहे. पाइन आणि बर्च वाऱ्यावर पराग सोडतात, अमाप सोडतात. लिंडेनची बरीच मदार मधमाश्यांवर, त्यामुळे लिंडेनच्या दाट जंगलातही त्याचा आकडा लहान दिसतो. ज्या काळात झाडंच नव्हती त्या काळच्या चिकणमातीत पाइनचं प्रमाण मोठं दिसतं, कारण जमिनीवर पराग देणारं फारसं कुणी नाही आणि दुरून उडत आलेले पाइनचेच कण हिशेबात भरतात. यावर सर्वांत नेटका विचार केला तो मार्गारेट डेव्हिस या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी. विद्यार्थिदशेत त्या कोपनहेगनला योहानेस इवेर्सेन या डॅनिश परागशास्त्रज्ञांकडे शिकल्या होत्या. १९६३ मध्ये त्यांनी कोणतं झाड आपल्या संख्येच्या मानानं किती जास्त किंवा किती कमी पराग देतं, याचा हिशेब मांडला. पुढे कनेटिकटमधल्या रॉजर्स लेकच्या गाळात त्यांनी शेकडेवारी बाजूला ठेवून दर वर्षी दर चौरस सेंटिमीटरवर प्रत्यक्ष किती कण पडले हे काढलं. तेव्हा शेकडेवारीत जंगलासारखा भासणारा एक जुना काळ जवळजवळ उघडा निघाला. पराग एकूणच इतके थोडे होते.

आज आम्ही प्रत्येक नमुन्यात परदेशी बीजाणूंची एक गोळी टाकतो. तिच्यात किती बीजाणू आहेत हे आधीच माहीत असतं, त्यामुळे ते मोजले की खरा आकडा काढता येतो. डेव्हिस बाईंनी दाखवलेल्या वाटेवरचीच ही सोय आहे.

फार बोलणाऱ्या झाडाचा आवाज कमी करून ऐकणं तुलनेनं सोपं. जे बोलतच नाही त्याचं काय करायचं? लार्चचं उदाहरण घ्या. सैबेरियाच्या अफाट पट्ट्यावर लार्चची जंगलं आहेत, पण त्याच्या परागाला पाइनसारख्या हवेच्या पिशव्या नसतात. तो झाडाच्या आसपासच पडतो आणि गाळात नीट टिकतही नाही. लार्चच्या रानात बसलेल्या तळ्याच्या गाळातही त्याचे कण मोजकेच मिळतात. त्यामुळे आज उघड्या असलेल्या टुंड्रावर लार्चचे जुने बुंधे सापडले आणि त्यांचं वय काढलं गेलं, तेव्हाच कळलं की हिमयुगानंतरच्या उबदार सहस्रकांत झाडांची सीमा पार आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्याजवळ पोचली होती. नंतर ती मागे हटली.

स्प्रूसची कथा मला अधिक अस्वस्थ करते. पराग सांगतात की स्प्रूस पूर्वेकडून आला. साधारण साडेसहा हजार वर्षांपूर्वी तो पूर्व फिनलंडमध्ये वाढू लागला, मग बोथ्नियाच्या आखाताला वरून वळसा घालत स्वीडनमध्ये उतरला. नॉर्वेच्या दक्षिणेत तो गेल्या दोनेक हजार वर्षांतला पाहुणा. आलेखातली ती लाट फार स्वच्छ दिसते. मग लेइफ कुलमान या स्वीडिश शास्त्रज्ञाला डोंगरमाथ्यांवर स्प्रूसचं फार जुनं लाकूड सापडू लागलं. दालार्ना प्रांतात फुलुफ्येलेट डोंगरावर एक किडकिडीत स्प्रूस उभा आहे. त्याचं खोड काही शतकांचं, पण त्याच्या खालच्या जुन्या लाकडाचं वय ९,५५० वर्षं निघालं. खोड मरतं, फांदी जमिनीला टेकते, मुळं धरते आणि पुन्हा वर येते. असं खुरटलेलं झाड थंडीत क्वचितच फुलतं. पराग नाही, म्हणून आलेखात नोंद नाही. २०१२ मध्ये तर तळ्याच्या गाळातल्या डीएनएवरून असा दावा झाला की उत्तर नॉर्वेच्या अँडोया बेटावर ऐन हिमयुगातही काही सूचिपर्णी झाडं तग धरून होती. त्या दाव्यावर कडक टीका झाली आणि वाद अजून चालू आहे. माझा कल कुलमान यांच्या लाकडाकडे आहे, कारण लाकूड वाऱ्यावर उडून येत नाही. बेटावरच्या डीएनएबद्दल मी अजून थांबून आहे.

हिमयुगातल्या प्राण्यांच्या चराईलाही हाच प्रश्न येतो. मॅमथ ज्या मैदानांवर चरत ती गवताळ होती, असं परागांवरून वाटत होतं, कारण गवत वाऱ्यावर भरपूर पराग सोडतं. एस्के विलेरस्लेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्क्टिकभरच्या २४२ नमुन्यांतला डीएनए वाचून २०१४ मध्ये दाखवलं की तिथे फुलं येणाऱ्या छोट्या रुंदपानी वनस्पतींचं राज्य होतं. किडे त्यांचं परागण करत, म्हणून त्यांचा पराग फारसा उडत नव्हता. गवतापेक्षा पौष्टिक चारा तिथे होता आणि आम्ही तो कित्येक दशकं मोजलाच नव्हता.

डेव्हिस बाईंचं दुसरं मोठं काम म्हणजे नकाशे. पूर्व अमेरिकेतलं प्रत्येक झाड हिमयुगानंतर उत्तरेला कधी पोचलं, याच्या रेषा त्यांनी काढल्या. तोवर मनात असं चित्र असे की जंगल एखाद्या दिंडीसारखं सगळं मिळून वर सरकलं असणार, आपापल्या जागा धरून. नकाशांनी ते मोडलं. प्रत्येक झाड स्वतःच्या वाटेनं, स्वतःच्या वेळेला निघालं होतं. चेस्टनट कनेटिकटला पोचला तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वी. ओक आणि चेस्टनटचं जे रान तिथले लोक आदिम म्हणून पाहत आले, त्याची सोबत एवढीच जुनी. आणि १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटवर बुरशीचा रोग दिसला, काही दशकांत तो जवळजवळ संपला. अमेरिकेच्या मध्यभागी तर एका काळात स्प्रूसच्या जोडीला अॅश आणि एल्म अशी रानं होती की तशी रानं आज पृथ्वीवर कुठेच नाहीत.

हेमलॉक या सूचिपर्णी झाडाचं कोडंही याच नकाशांतलं. साधारण ५,५०० वर्षांपूर्वी पूर्व अमेरिकेत हेमलॉकचा पराग एकाएकी कोसळतो, दूरदूरच्या तळ्यांत एकाच सुमारास, बाकीची झाडं तशीच असताना. सावरायला त्याला हजारेक वर्षं किंवा त्याहून जास्त लागली. हवामान बदललं असतं तर एकच झाड का पडेल? डेव्हिस यांनी सुचवलं की कुठली तरी कीड किंवा रोग असणार. हा निबंध लखनौला भरलेल्या चौथ्या आंतरराष्ट्रीय परागशास्त्र परिषदेच्या खंडात, १९८१ मध्ये छापला गेला. परिषद १९७६-७७ ची, प्राचीन वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बिरबल सहानी संस्थेच्या गावातली. उत्तर अमेरिकेच्या जंगलाबद्दलचा इतका महत्त्वाचा तर्क आपल्याकडे छापला गेला, हे मला इथे आल्यावर कळलं आणि फार आनंद झाला. पुढे क्विबेकमधल्या एका दलदलीत त्या काळच्या थरात हेमलॉक खाणाऱ्या अळीच्या डोक्याची कवचं आणि कुरतडलेल्या सुया सापडल्या. दुष्काळाची बाजू मांडणारेही अभ्यासक आहेत, आणि दुबळ्या झाडावर कीड जास्त येते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

युरोपात एल्मचं असंच झालं, साधारण ५,८०० वर्षांपूर्वी. एल्मची रेषा कोसळते आणि त्याच सुमारास इसबगोलाच्या जातीतल्या एका तणाचे, धान्याच्या पिकांच्या परागांचे आणि कोळशाचे कण दिसू लागतात. इवेर्सेन यांनी १९४१ मध्ये डेन्मार्कच्या आलेखांत शेतकऱ्यांचं पहिलं पाऊल वाचलं: झाडं तोडली, जाळली, पेरलं, गुरं चरली, मग बर्च आणि हेझल परत आले. हे नुसतं आलेखावर न सोडता ते आणि योर्गेन ट्रोएल्स-स्मिथ १९५० च्या दशकात दक्षिण युटलंडमधल्या ड्रावेड जंगलात शिरले, संग्रहालयातल्या खऱ्या गारगोटीच्या कुऱ्हाडी दांड्याला लावून. लाकूडतोड्यांनी सवयीनं खांद्याच्या ताकदीनं घाव घातले तेव्हा पाती तुटली. कोपरातून छोटे, झटपट घाव घालायला शिकल्यावर तीन माणसांनी चार तासांत सुमारे ५०० चौरस मीटर रान मोकळं केलं. चार हजार वर्षांत धार न लावलेल्या एका कुऱ्हाडीनं शंभरहून अधिक झाडं पडली. जाळलेल्या तुकड्यावर गहू आणि जव चांगले आले, न जाळलेल्यावर जवळजवळ काहीच नाही. आमच्या विषयात मला सर्वांत प्रिय असलेला प्रयोग हाच. एका रेषेच्या घसरणीवर विश्वास ठेवण्याआधी माणसं कुऱ्हाड घेऊन उभी राहिली.

एल्म नेमका कशानं पडला यावर अजून एकमत नाही. गुरांना चारा म्हणून फांद्या छाटणं, थंडी, रोग, सगळी कारणं मांडली गेली. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथमध्ये एल्मच्या घसरणीच्या सुमाराच्या थरात रोग वाहणाऱ्या भुंगेऱ्याचे अवशेष मिळाले. आज इथे गोटलंड बेटावर, जिथे दहा लाखांहून अधिक एल्म आहेत, २००५ मध्ये डच एल्म रोग पोचला आणि तेव्हापासून रोगट झाडं शोधून तोडण्याचं काम चालू आहे. जिवंत साली रोगानं पोखरलेल्या पाहिल्यापासून मला रोगाची बाजू जास्त पटते, माणसाच्या कुऱ्हाडीनं त्याला मदत केली असेल हे धरून.

इवेर्सेन यांचा आणखी एक निबंध मी वरचेवर काढते, १९४४ चा. त्यात त्यांनी मोठ्या झाडांना सोडून बांडगूळ, आयव्ही आणि हॉली या तिघांना साक्षीदार केलं. तिन्ही कीटकांवर विसंबणारी, तिघांचाही पराग गाळात विरळ. पण आयव्हीला कडक हिवाळा सोसत नाही आणि बांडगुळाला उबदार उन्हाळा लागतो. त्यामुळे त्यांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कण जिथे मिळाले तिथलं जुनं हवामान इवेर्सेन यांना सांगता आलं: पाच-सहा हजार वर्षांपूर्वी डेन्मार्कचे उन्हाळे आजच्यापेक्षा दोनेक अंशांनी उबदार होते. हजारो पाइनच्या कणांतून हे निघालं नसतं.

सध्या माझ्यासमोर डोंगरातल्या एका छोट्या तळ्याचा गाळ आहे. स्प्रूसचे पराग यात एकदम वरच्या थरात सुरू होतात, लाटेनं सांगितलेल्या वेळेलाच. पण सूचिपर्णी झाडांच्या सुयांवर जी श्वसनरंध्रं असतात त्यांच्या कडेच्या पेशी लाकडासारख्या कडक असतात आणि आम्लांतून वाचून परागांबरोबरच काचेवर येतात. सुई झाडापासून फार लांब जात नाही. स्प्रूसची रंध्रं, लार्चची, पाइनची, आकारावरून वेगळी ओळखता येतात. म्हणून मी आता प्रत्येक नमुन्यात पाचशे पराग झाल्यावर थांबत नाही, उरलेली काच रंध्रांसाठी पुन्हा टोकापासून टोकापर्यंत पाहते, आणि तक्त्यात त्यांचा रकाना सगळ्यांत आधी ठेवला आहे, बर्चच्याही आधी. खालच्या थरांचे नमुने अजून बाकी आहेत.